माडीवरची शेगडी

दादा, सिंदेवाहीच्या स्टेशनावर तू आम्हाला सोडायला आलास, तेव्हाचं आईच्या मांडीवरचं गाठोडं तुला आठवतं का? माझा तेव्हापासूनच त्याच्यावर डोळा होता. काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, "असू दे ना बाप्पा! तुले काहाले पायजे?" चांदा येईपर्यंत तिनं ते खाली ठेवलं नाही.

चांद्याला मला लाकडाच्या डेपोत नोकरी लागली होती आणि माडीवर एक खोली मिळाली होती. घरमालकाची अट एकच, वर चूल पेटवायची नाही, भिंती काळ्या होतात. म्हणून बदली होऊन चाललेल्या एका साहेबाची वापरलेली विजेची शेगडी घेतली. मातीच्या चकतीत वेटोळी घातलेली तार, बस्स. संध्याकाळी भात झकास शिजला. सकाळी मी बटण दाबलं आणि फट्! अख्ख्या घराचा फ्यूज उडाला.

मग रोज तेच. संध्याकाळी गुणाची, सकाळी फट्. मी काय गप्प बसणारा? आधी साहेबावर संशय घेतला, लेकानं सडका माल गळ्यात मारला म्हणून. दुकानात दाखवली तर तिथं लालबुंद! मग खालच्या खोलीतला कंपाउंडर. मीटर त्याच्या दारापाशी, आणि फ्यूज उडाला की हा तार घेऊन आधीच हजर. याला कसं कळतं?

घरमालकानं बजावलं, "आता लाईन गेली तं खोली खाली करा." आई तर हटूनच बसली, "मले गावी पोचवून दे. इथची आग मले मानत नाई." ती गेली असती तर मी त्या गावात कोणासाठी राहायचं? आणि त्यातच मनात आलं, परत जायला मिळावं म्हणून हीच तर काही करत नसेल? सख्ख्या आईवर संशय! पण आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे डोळे मिटून पडून राहिलो. आई उठली, गाठोडं सोडलं. आत आपल्या घरच्या चुलीजवळची माती होती. तिनं ती पाण्यात कालवली, फडकं बुडवलं आणि शेगडीवरून, तारेवरून मायेनं हात फिरवू लागली.

"आई! काय करून राह्यली?"

"पोतेरं देऊन राह्यली. रातची चूल तशीच पेटवाची का? मी जिती असतानी?"

हसू की रडू मला कळेना. ओल मातीच्या चकतीत मुरायची, संध्याकाळपर्यंत सुकायची, एवढंच होतं ते. कोपऱ्यात तीन विटांची चूल मांडून दिली, नुसती पोतेऱ्यापुरती, पेटवायची नाही. म्हटलं, "पोतेरं इथी दे. शेगडीले पाणी चालत नाई."

"बिना पोतेऱ्याची चूल? मले तं काही खरं दिसत नाई." शेगडीकडे ती शेवटपर्यंत वाकड्या नजरेनंच बघायची. पण गावी जायचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही, आणि फ्यूजही उडाला नाही. कंपाउंडर तार घेऊन यायचा तो शेजारधर्म म्हणून, हे मला फार उशिरा पटलं.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्या स्वतःच्या घरातही ती न पेटणारी चूल मी मांडली आहे. पोतेरं मीच देतो. बायको म्हणते, "लोक हासतील." हासू देत! दादा, या खेपेला येताना तांदूळ नको आणू. माती संपत आली आहे. चुलीजवळची ओंजळभर आण, त्याशिवाय सकाळी मला घरात असल्यासारखं वाटत नाही.