कराटेसाठी काळी पँट

आज लेकीसाठी कराटेचा ड्रेस घ्यायला डोंबिवलीत गेलेलो. तेरा वर्षांची आहे, जुना आखूड झालाय.

दुकानदाराने पांढरा ड्रेस काढला. कापड जाड, शिलाई पक्की. मी म्हटलं, "हाच घेऊया."

ती म्हणाली, "मला काळी पँट हवी."

"अगं, क्लासमध्ये पांढरीच लागते."

"मग मी क्लास सोडते."

अंगात ताप असतानाही क्लासला जायचा हट्ट करणारी मुलगी हे बोलली! मी तिला बाहेर आणलं, काय झालं म्हणून विचारलं. ती मग खाली बघत म्हणाली, "बाबा, माझी पाळी सुरू झालीय. किक मारताना सारखी भीती वाटते, डाग दिसेल म्हणून."

तिची आई मागच्या वर्षी गेली. पोर एकटीच सगळं निभावत होती आणि मला पत्ताही नव्हता.

तिथूनच कराटेच्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "माझ्या डोक्यातच आलं नाही हे. काळी चालेल. सगळ्याच मुलींना सांगतो."

पँट घेतली. मग दोघं मेडिकलमध्ये गेलो. कुठले पॅड लागतात ते तिने सांगितलं, मी मागितले.

आई नसलेल्या घरात मुलीने हे कोणाला सांगायचं? तुमच्या घरी बाबा कसे बोलतात, प्लीज लिहा. मला शिकायचंय.