यंत्रातला दसरा

इंदू ताम्हनकर घाबरट होती असं म्हटलं तर ते अपुरं होईल. घाबरट माणसाला घाबरायला काहीतरी प्रसंग लागतो. इंदूला लागत नसे. गॅस बंद आहे ना हे बघायला ती उठायची, आणि बंद दिसला की तो आपण कधी बंद केला हे आठवेना म्हणून बेचैन व्हायची. काशीत मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीत माकडं, सांड आणि विजेच्या लोंबत्या तारा यांच्यातून ती इतकी वर्षं सुखरूप ये-जा करत आली होती, आणि याचं श्रेय ती आपल्या भीतीला देत असे. ते अगदीच चूक नसावं.

लग्नानंतर लवकरच ती एका छापखान्यात खिळे जुळवायला लागली होती. संस्कृत पोथ्या, पंचांगं, विद्यापीठातले प्रबंध. शिशाच्या खिळ्यांची एक सोय होती. जुळवलेलं पान हातातून पडलं तरी ते जमिनीवर सापडायचं. मग नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मालकानं सगळे खिळे वजनावर विकले आणि इंदूला सांगितलं, "बहनजी, अब घर से काम कीजिए, आज़ाद रहिए." आझाद होण्याची इंदूची मुळीच इच्छा नव्हती. पण शिसं ट्रकात चढलं होतं.

घरून काम करायचं तर कॉम्प्युटर हवा, आणि कॉम्प्युटरमध्ये काय घालायचं ते ठरवायला हवं. त्यासाठी ती लहुराबीरला मुकुलच्या दुकानात जायला लागली. मुकुल हा दाढी राखलेला, चार मुलांचा बाप असलेला गृहस्थ. कॉम्प्युटर विकायच्या आधी तो शिलाई मशिनं विकत असे, आणि दोन्हींविषयी त्याचा उत्साह सारखाच होता. अमुक प्रोग्रॅमनं काय काय करता येतं हे तो समजावून सांगे. इंदूचा प्रश्न दर वेळी एकच असे.

"बिजली गेली तर?"

"भाभीजी, पहले ये तो देखिए कि बिजली रहे तो क्या होता है."

इंदूला त्यात रस नव्हता. एक जुना प्रोग्रॅम होता, भक्कम, पण छापून आल्याशिवाय पान कसं दिसेल ते कळायचं नाही. दुसरा पान पडद्यावर जसंच्या तसं दाखवायचा, पण त्याची देवनागरी फक्त त्यालाच वाचता येई. त्यातला मजकूर दुसरीकडे नेला की कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं यांची रास व्हायची. म्हणजे एकदा त्यात शिरलं की जन्माची गाठ. तिसरा बिलं करायचा, गिऱ्हाइकांची नावं लक्षात ठेवायचा आणि चूक झाली की ठण्ण करून वाजायचा. तो तिनं ऐकताक्षणी नाकारला. तिची पानं जिथं छापली जाणार होती तो कबीरचौऱ्यातला छापखाना दुसऱ्या प्रोग्रॅमच्या फाइली घेत होता, म्हणून अखेर तोच घेतला. यूपीएस मात्र तिनं कॉम्प्युटरच्या आधी घरी आणून ठेवला. कित्येक दिवस तो एकटाच कोपऱ्यात चार्ज होऊन बसला होता, कशाचंही रक्षण न करता.

कॉम्प्युटर आला तो नेमका चातुर्मास लागल्यावर. इंदूचे यजमान दत्तात्रेय पौरोहित्य करत. गल्लीतली अर्धी लग्नं आणि सगळे गृहप्रवेश त्यांनी काढून दिलेल्या मुहूर्तांवर होत. त्यांनी पंचांग बघितलं आणि मान हलवली.

"नवीन उद्योग आता नको. दसऱ्याला कर."

"अहो, शास्त्रीकाकांचं पुस्तक दसऱ्यानंतर छापायला जायचंय. करू कधी?"

प्रल्हादशास्त्री पंचगंगा घाटाच्या वर राहत. ऐंशीच्या घरातले, यज्ञवेदीच्या विटांवर सगळं आयुष्य घालवलेले. कोणत्या थरात कुठली वीट, कुठल्या आकाराची, कशी बसवायची, हे त्यांचं पुस्तक. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती. हे पुस्तक म्हणजे इंदूचं घरून घेतलेलं पहिलं काम.

दत्तात्रेयांनी पंचांग मिटलं. मग त्यांनी विचारलं, "यंत्राला तारीख आपण सांगतो, की ते आपल्याला सांगतं?"

"आपण सांगायची."

"मग सांग की दसरा आहे."

ही तोड दोघांनाही पसंत पडली. शमीची पानं नव्हती म्हणून दूर्वा वाहिल्या, यंत्रात विजयादशमी लावली, आणि इंदूनं पहिलं प्रकरण उघडलं. सबंध पावसाळा ती टाइप करत राहिली. खाली गंगा चढत होती, पंचगंगेच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जात होत्या, गल्लीत शेवाळ धरलं होतं, आणि यंत्रात कोजागिरी झाली, दिवाळी झाली, चंपाषष्ठीही झाली. प्रत्येक प्रकरण संपलं की इंदू ते फ्लॉपीवर उतरवून घेई. फ्लॉपी रेशमी फडक्यात बांधून ती देवघरात ठेवत असे. दुसरी इतकी कोरडी जागा घरात नव्हती.

भाद्रपदात मजकूर टाइप करून झाला. मग शास्त्रीबुवा रोज दुपारी तिच्या खांद्यावर हात ठेवून घरी येऊ लागले. इंदू वाचून दाखवी, ते दुरुस्त्या सांगत, ती तिथल्या तिथे पडद्यावर करी. कागद मध्ये नव्हताच. हस्तलिखित वीस वर्षांपूर्वीचं होतं, आणि वीस वर्षांत शास्त्रीबुवांनी आपल्या बऱ्याच चुका ओळखल्या होत्या. "हे कुठल्या गाढवानं लिहिलं?" ते विचारत. इंदू पडद्याकडे बघत राही. "मीच. काढ ते."

दुरुस्त्या सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मुकुल घरी येऊन गेला होता. दुरुस्त्यांच्या भीतीनं इंदूला झोप येत नव्हती आणि तिनंच त्याला बोलावलं होतं. कॉम्प्युटरमधलं सगळं आपोआप सांभाळेल असं काही आहे का? होतं. एक छोटासा प्रोग्रॅम त्यानं बसवून दिला. "ये फ्लॉपी भी देखेगा, अंदर भी देखेगा. जो पुराना, उसको हटा देगा. जो नया, वही दोनों जगह रहेगा. काम पूरा हो जाए तब चलाइएगा." मग पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघून तो हसायला लागला. "भाभीजी, बाहर बाढ़ आई है और आपकी मशीन में दिसंबर का जाड़ा चल रहा है." त्यानं तारीख दुरुस्त करून टाकली. इंदूला सांगायचं होतं की ती मुद्दाम लावली आहे. पण शिलाई मशिनं विकलेल्या माणसाला मुहूर्त कसा समजावायचा ते तिला सुचेना, आणि ती चहा ठेवायला गेली.

पितृपक्षात दुरुस्त्या संपल्या. शास्त्रीबुवा काठी आपटत म्हणाले, "आता मेलो तरी चालेल." इंदूला हे वाक्य मुळीच आवडलं नाही. ते घरी पोचताच तिनं देवघरातून फ्लॉपी काढली, यंत्रात घातली आणि तो सांभाळणारा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला. जुन्या फाइली सापडल्या आहेत, त्या बदलू का, असं त्यानं इंग्रजीत विचारलं. फ्लॉपीवरचं जुनं आहे हे इंदूला माहीतच होतं. यंत्रालाही ते समजलं याचं तिला बरं वाटलं. तिनं हो म्हटलं. प्रोग्रॅमनं काम चोख केलं. यूपीएसचीही गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी पानांचे आकडे घालायला तिनं तिसरं प्रकरण उघडलं आणि गाढवाचं वाक्य जागेवर होतं.

तिला वाटलं, हे एकच राहून गेलं असेल. तिनं दुसरं प्रकरण उघडलं. चौथं उघडलं. मग फ्लॉपी उघडली. सगळीकडे वीस वर्षांपूर्वीचे प्रल्हादशास्त्री ठामपणे चुकत बसले होते. फाइलींच्या पुढे तारखा होत्या: दसरा, कोजागिरी, दिवाळी, चंपाषष्ठी. त्या तारखांकडे ती बराच वेळ बघत राहिली. आयुष्यभर तिनं ज्याची वाट पाहिली होती ते अखेर आलं होतं, आणि त्याला तोंड कसं द्यायचं याची तिनं काहीच तयारी केलेली नव्हती. सगळी तयारी ते येऊ नये यासाठीची होती.

मुकुलचं दुकान गाठून तिनं विचारलं. एकावर एक लिहिलेलं परत येत नाही, एवढं त्यानं मान खाली घालून सांगितलं. तारखेचं कारण कळल्यावरही तो हसला नाही. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

घरी दत्तात्रेय जेवत होते.

"अहो."

"हं."

"शास्त्रीकाकांच्या दुरुस्त्या गेल्या."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? गेल्या. जुन्या चुका उरल्यात." तिनं सगळं सांगितलं. फ्लॉपीवर दसऱ्यानंतरची तारीख ती नवी, दुरुस्त्यांवर भाद्रपदातली ती जुनी. प्रोग्रॅमनं जुनी काढून टाकली.

दत्तात्रेयांचा हात ताटातच राहिला. "म्हणजे मुहूर्त चुकला?"

"मुहूर्त बरोबर होता. यंत्रानं तो खरा मानला."

इतका श्रद्धाळू यजमान दत्तात्रेयांना यापूर्वी मिळाला नव्हता. ते पुढं जेवले नाहीत.

"काकांना कळवायला नको का?" थोड्या वेळानं ते म्हणाले.

"मी नाही जाणार. त्यांना काही झालं तर?"

"तसंच छापलं तर? त्यांना दिसतंय कुठं?"

हे बोलून होताच दत्तात्रेयांना स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण त्यांनी लगेच आचमन केलं. पण वाक्य खोलीत राहिलं. पुढचे कित्येक दिवस इंदू त्या वाक्याबरोबर राहिली. ते खरं होतं. शास्त्रीबुवांना दिसत नव्हतं, आणि ज्यांना दिसत होतं त्यांपैकी विटा समजणारा माणूस काशीत बहुधा नव्हता. कबीरचौऱ्याहून निरोप येत होते. पानं देऊन टाकली असती तर कुणालाही पत्ता लागला नसता. ती रात्री उठून गॅस बघायची आणि तो बंद असायचा. मग वाटायचं, पुस्तक छापून येईल, शास्त्रीबुवा ते हातात धरून बसतील, आल्या-गेल्याला वाचायला लावतील, आणि कुणीतरी तिसऱ्या प्रकरणातलं ते वाक्य मोठ्यानं वाचेल. या भीतीपुढं सांगायची भीती जरा लहान ठरली. एवढ्याच हिशेबानं ती निघाली.

दत्तात्रेय शास्त्रीबुवांच्या दारापर्यंत आले. तिथं त्यांना एका यजमानाची आठवण झाली.

शास्त्रीबुवा खाटेवर बसले होते. पूर ओसरला होता, पण पायऱ्यांवरच्या चिखलाचा वास खिडकीतून येत होता. इंदूनं उभ्यानंच सांगून टाकलं, तारखेसकट, मुहूर्तासकट. दत्तात्रेयांना वाचवावं असं तिच्या मनात होतं, पण घाईत ते राहून गेलं.

मग ती शास्त्रीबुवांच्या छातीकडे बघत राहिली, ती हलते आहे ना म्हणून.

"बैस," ते म्हणाले. "मी काय काय बदललं होतं ते सांग. तेवढं लिहून घे."

"मला आठवत नाही, काका."

"टाइप तू केलंस ना?"

"सगळा वेळ दिव्याकडे लक्ष होतं. बिजली जाईल म्हणून."

एरवी गाढव म्हणायच्या आवाजातच शास्त्रीबुवा म्हणाले, "मलाही नाही आठवत. सांगून टाकलं की डोक्यातून जातं हल्ली. तू यायची थांबलीस तेव्हा मी बसून आठवायला गेलो. तिसरा थर आठवेना. म्हटलं, असू दे, इंदूकडे आहे."

खोलीत आता दोन घाबरलेली माणसं होती. इंदूला ही सवय नव्हती. आजवर प्रत्येक ठिकाणी ते काम ती एकटी करत आली होती.

"मग जुनंच ठेवायचं का?" तिनं विचारलं.

"चुकीचं आहे ते."

"कुठं चुकलंय ते आठवत नाही तर—"

"खाटेखाली पेटी आहे. ओढ."

पेटीत विटा होत्या. मातीच्या, भाजलेल्या, बोटाएवढ्या. चौकोनी, अर्ध्या, तिरक्या कापलेल्या. विद्यार्थी येत होते तेव्हा शिकवायला केलेल्या. शास्त्रीबुवा खाटेवरून उतरून जमिनीवर बसले, त्याला बराच वेळ लागला. इंदूनं बरोबर आणलेल्या हस्तलिखितातला पहिला थर वाचायचा आणि त्याप्रमाणे पसरायचा. पंख पसरलेल्या पक्ष्याची, पाच थरांची वेदी. खालच्या थराच्या सांध्यावर वरच्या थराचा सांधा येता कामा नये, एवढा एक नियम त्यांनी सांगितला. "तो मोडला की चूक तिथं आहे. आठवायला नको."

पहिला थर झाला. त्यावर दुसरा मांडताना इंदूच्या बोटाचा धक्का लागून उजवा पंख दोनदा कोलमडला.

"सावकाश," शास्त्रीबुवा म्हणाले. "पडलं तर पडू दे."

"हो."

"घाबरतेस का?"

"नाही."

"बरं."

दुसरा थर पुस्तकाप्रमाणे बसला. शास्त्रीबुवांनी डाव्या पंखाच्या टोकापासून बोट फिरवत आणलं. प्रत्येक विटेच्या कडेवरून, खाली, पुन्हा वर. शेपटीपाशी बोट थांबलं. नखानं त्यांनी फट चाचपली. ती वरच्या थरातून सरळ खालच्या थरात उतरत होती.

"ही," ते म्हणाले. "काढ इथल्या विटा. अर्धी दे मला."

इंदूनं अर्धी वीट शोधली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. मग पदरानं बोटं पुसली आणि मांडीवरच्या कागदावर पेन टेकवलं. वरचे तीन थर अजून पेटीतच होते.