नयनचा फ्लेक्स

शर्यतीत वळणावर उभ्या केलेल्या माणसाला एकच काम असतं: हात दाखवणं. मला तेही जमलं नाही. शहाडच्या त्या शर्यतीत संयोजकांनी लाल झेंडी देऊन मला नाक्यावर उभं केलेलं. समोरच्या टपरीवर भजी तेलात पडली. मी झेंडी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात भज्यांकडे केला. सगळ्यात पुढे धावणाऱ्या गड्याने तो हात पाहिला आणि मोठ्या निष्ठेने तिकडे वळला. त्याच्यामागे बाकीचे. सगळी फौज थेट एका हळदीच्या मांडवात शिरली. रात्रीच्या मटणासाठी लसूण सोलत बसलेल्या बायका किंचाळत उठल्या.

पुढचा तो गडी म्हणजे नयन केणे. हळद त्याच्याच चुलतभावाची, प्रशांतची निघाली. शर्यत बाद झाली. मी माफी मागायला गेलो, तर घाम पुसत म्हणाला, "काका, आता रात्री हळदीला या. वाट तर तुम्हीच दाखवलीत."

मी गेलेलो. तिथून आमचं जमलं.

नयन डोंबिवलीच्या एमआयडीसीत फिटर. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन एकेकाळी केण्यांची. त्यामुळे घरी आला की सोफ्यावर टेकता टेकता ऐकवायचा, "काका, या हॉलमध्ये आमची वांगी व्हायची." जमीन विकल्यावर भावकीने गाड्या घेतल्या. याने धावायचे बूट घेतले. पहाटे उठून खडवलीच्या रस्त्याला लागायचा, परत येऊन डबा घेऊन कामाला.

शिवाय प्रादेशिक सेनेत होता. म्हणजे एरवी आपली नोकरी करायची, दरवर्षी प्रशिक्षणाला जायचं आणि बोलावणं आलं की वर्दी चढवून हजर व्हायचं. मी एकदा चिडवलं, "थोडक्यात, तू पार्टटाइम सैनिक."

"हो. आणि तुम्ही काका, फुलटाइम काय?"

मी निवृत्त आहे.

त्याला एकच ध्यास होता. एकदा तरी राज्य स्पर्धेत धावायचं. दरवर्षी जिल्ह्याच्या चाचणीत कोणीतरी चार पावलं पुढे निघून जायचं आणि हा हसत परत यायचा. पस्तिशी आली, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. आणि यंदा ठाण्याला दुसरा आला. संघात नाव लागलं. स्पर्धा फेब्रुवारीत होती. डिसेंबरात युनिटचं बोलावणं आलं, काश्मीरचं. "जानेवारीअखेर सुटतो, मग थेट मैदानात," असं आईला सांगून तो गेला.

आमच्या चौकात कुणाच्याही वाढदिवसाला फ्लेक्स लागतो. नयनचा कधीच लागला नव्हता. म्हणून जानेवारीत मी फ्लेक्स छापणाऱ्या मितेशच्या दुकानात जाऊन बसलो. कॉम्प्युटरवर नयनचा धावतानाचा फोटो, सगळे दात दिसणारा. खाली 'राज्य स्पर्धेसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. कोपऱ्यांत फुगे. फुगे माझी आयडिया.

फोन वाजला. प्रशांत होता.

"काका, गस्तीवर बर्फाचा कडा कोसळला. नयनदादा खाली सापडला."

"मग? काढला ना?"

"काढला, काका."

त्याने फोन ठेवला. मी मात्र फोन कानालाच धरून उभा. समोर स्क्रीनवर नयन धावत होता.

मितेशला न सांगता कळलं. त्याने माउस हातात घेतला. मग एकेक करून फुगे काढले. 'अभिनंदन' खोडलं. पिवळी चौकट काळी केली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "काका, फोटो हाच ठेवू ना?"

मी मान हलवली. दुसरा फोटो कुठून आणणार होतो?

नयनच्या घरी माणसं मावत नव्हती. बाहेर घोषणा चाललेल्या. त्याची आई, आवडाबाई, कोपऱ्यात बसलेल्या. डोळे कोरडे. मला बघून म्हणाल्या, "गावान त्याचे पुढं कवा कोन गेला नाय. मंग यो बरफ कसा गेला?"

मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो आणि डोळ्यांसमोर निघायच्या आदल्या दिवशीचा नयन येत राहिला. निरोप घ्यायला आलेला. मी आधी दार लावून घेतलं, मग आवाज खाली आणला. "अरे, एवढ्या वर्षांनी नाव लागलंय. तिकडे बर्फात कसला सराव करणार? माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. गुडघा दुखतो म्हणून कळवून टाक. पुढच्या खेपेला जा की. कोण बघायला येतंय?"

त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला.

"काका, गुडघा चांगलाय माझा."