कर्णा वाजला तेव्हा माझ्या हातात पळी होती

आमच्या इमारतीतले सगळे लोक मला चेहऱ्याने ओळखतात, आणि त्याचं कारण चांगलं नाही.

मी मूळची नगरकडची. शाळा चौथीपर्यंत. मुलगा रूबेन दुबईला इंटरनॅशनल सिटीत राहतो, आणि मी त्याच्याकडे. दिवसा तो एका कारखान्यात सुपरवायझर असतो आणि उरलेल्या वेळात देवाचा सुपरवायझर. पवित्र शास्त्र त्याला तोंडपाठ. दुसऱ्या कुणी अध्याय चुकीचा सांगितला तर ह्याला अन्न गोड लागत नाही. सून मार्था नर्स आहे. नात रिबेका, आमची रिबू, ऑफिसात जाते, आणि त्या ऑफिसातच तिने मुलगा शोधला.

निनाद मोहिते. मराठी, पगार बरा, दारू नाही, सिगरेट नाही. मी म्हटलं, मग खोट कुठे आहे? खोट ही, की घराणं बहाई. आजोबा पाचगणीला असतानाच त्या धर्मात गेलेले. वडील आता फुजैराला बंदरात नोकरीला.

"बहाई म्हणजे काय गं?" मी रिबूला विचारलं.

"आजी, दे बिलीव्ह इन जीझस ऑल्सो."

"ऑल्सो?" रूबेन म्हणाला. त्या एका शब्दावर तो आठवडाभर घरात धड बोलला नाही.

आता त्यांच्यात नियम असा, की मुलाच्या आणि मुलीच्या मिळून चारही आईबापांनी होकार दिल्याशिवाय लग्न लागत नाही. मोहिते नवराबायकोने दिला होता. मार्थाने दिला होता. घोडं अडलं होतं आमच्या रूबेनपाशी. मी निनादला बाजूला घेतलं.

"समज, त्याने नाहीच दिला?"

"मग लग्न नाही, आजी."

"पळून जा की. आमच्या गावात चांगली चांगली माणसं पळालीत."

"पळून जायलाही त्यांचा होकार लागेल, आजी."

असला मुलगा! मुलगी पळवायलासुद्धा बापाची परवानगी मागणारा. मला तो तिथेच पसंत पडला आणि तिथेच काळजीही लागली. कारण रिबू हसायची बंद झाली होती. ताटात चार घास टाकायची आणि त्यातले दोन परत पातेल्यात ढकलायची.

शेवटी रूबेन म्हणाला, "एकदा त्यांच्या वडिलांशी शास्त्रावर समोरासमोर बोलतो. मग ठरवतो."

झालं. परक्या मुलखात, पुठ्ठ्यासारख्या भिंतींच्या घरात, दोन बाप धर्मावर बोलणार. एकाचा जरी आवाज चढला तर शेजारी काय म्हणतील, आणि शेजाऱ्यांच्या पलीकडे पोलीस काय म्हणतील, या काळजीने मी दोन दिवस जपमाळ नसलेल्या पंथात जन्मल्याचं दुःख केलं. (हाताला काहीतरी चाळा लागतो.)

त्या शनिवारी मार्थाची ड्यूटी. रिबूने मला बजावलं, "आजी, प्लीज, बी नाइस. तू किचनमध्येच राहा. बोलू नको. फक्त मटण गरम ठेव."

एवढंच काम होतं. बारक्या पोरालाही जमलं असतं.

त्या वर्षी एक गंमत झाली होती. आमचा ईस्टरआधीचा उपवासकाळ, इमारतीतल्या मुसलमान कुटुंबांचा रमजान आणि बहाई लोकांचे रोजे, तिन्ही एकाच वेळी आले होते. बहाईंचेही उपवास असतात हे मला माहीत नव्हतं. रिबू दोन दिवस "फास्टिंग, फास्टिंग" करत होती. मला वाटलं, समोरच्या दारातल्या हमीदाबीचं सांगतेय. हमीदाबी रत्नागिरीची, माझ्याच वयाची, आमची रोजची ऊठबस.

निनाद आणि त्याचे आईवडील चार वाजता आले. मी लगेच ताटं मांडली.

"आजी, सूर्य मावळल्यावर," मोहिते हात जोडून म्हणाले. "आमचे उपवास चालू आहेत."

आम्ही उपवासकाळात मटण खात नाही. ते पाहुण्यांसाठी म्हणून खास केलेलं. म्हणजे दोन किलो मटण शिजवून तयार, आणि त्यात मीठ बरोबर आहे का हे चाखायला आख्ख्या इमारतीत एक माणूस नाही. मी पातेलं मंद आचेवर ठेवलं. सूर्याला अजून दोन तास होते. जेवायला बसलेली माणसं भांडत नाहीत, तोंड भरलेलं असतं. हे पाचजण रिकाम्या तोंडाने समोरासमोर बसले.

रूबेनने शास्त्र उघडलं. स्वयंपाकघरातून मला सगळं ऐकू येत होतं.

"प्रभू येशू देवाचा पुत्र. मान्य?"

"मान्य," मोहिते म्हणाले.

"शास्त्र देवाचं वचन. मान्य?"

"अगदी मान्य."

"तो परत येणार. मान्य?"

"मान्य. तो आला."

बाहेर रूबेनची खुर्ची करकरली. मोहिते तसेच गोड आवाजात म्हणाले, "म्हणजे नव्या नावाने. दीडेकशे वर्षांपूर्वी, तिकडे इराणात. आम्ही असं मानतो."

भांडायला आलेल्याशी भांडता येतं. सगळ्याला हो म्हणणाऱ्याशी काय करायचं? माणूस तुमच्या घराची तोंडभरून स्तुती करतो आणि बोलता बोलता कपाट दुसऱ्या भिंतीला नेऊन ठेवतो, तसं झालं. पण मला राहवेना. मी सत्तर वर्षं रोज रात्री ज्याची वाट बघून झोपते, तो येऊन गेला आणि मला कुणी सांगितलं नाही? मी पळीसकट बाहेर गेले.

"येऊन गेला म्हणजे? कुणाला भेटला?"

"आजी, किचन," रिबू दातओठ खात म्हणाली.

"थांब गं. यांना बोलू दे."

"शास्त्रातच आहे आजी," मोहिते म्हणाले, "तो चोरासारखा येईल. चोर काय दार वाजवून येतो? लोक घरात असतात आणि त्यांना पत्ता नसतो."

"आणि ढगांतून येईल, प्रत्येक डोळा त्याला पाहील, हे कुठे गेलं?" रूबेन पुढे सरकला. "तेही शास्त्रातच आहे."

"आहे ना. पण ढग म्हणजे खरे ढग नव्हेत. ढग म्हणजे माणसाच्या मनातला पडदा, ज्याने समोरचं दिसत नाही. तारे गळतील म्हणजे धर्मगुरूंचा उजेड संपेल."

"आमच्या पाळकांचा तर कधी पडलाच नव्हता," मी म्हटलं.

"आई!"

"खरं ते बोलले."

मोहितेबाई पदराआड हसल्या आणि त्यांनी मला शेजारी जागा करून दिली. मी बसले. ही माझी पहिली चूक. दुसरी चूक, मला चर्चेत गोडी लागली. रूबेन म्हणे लिहिलंय तसंच होणार, मोहिते म्हणत अर्थ समजून घ्यायला हवा. एकाचा आवाज चढत होता, दुसऱ्याचा उतरत होता, आणि कुठला जास्त धोक्याचा ते मला कळेना. निनाद मिठाईचा बंद डबा मांडीवर घेऊन बसला होता. रिबूने नखं खाऊन संपवली होती.

मध्येच वास आला. मी म्हटलं, हमीदाबीची इफ्तारची तयारी जरा करपली वाटतं. बिचारी.

मग मोहित्यांचा चेहरा धूसर दिसायला लागला. मी मोतीबिंदूला दोष दिला.

"ढग म्हणजे ढग!" रूबेन उभा राहिला. "डोळ्यांना दिसणारे! आणि कर्णा वाजेल, कानांनी ऐकू येईल असा..."

आणि कर्णा वाजला.

खोटं कशाला सांगू, मला वाटलं, आला. अंगात गाऊन, हातात पळी, आणि आला. सत्तर वर्षं वाट बघितली आणि केस विंचरलेले नाहीत.

"आजी! किचन!" रिबू किंचाळली.

तिने गॅस बंद केला, पण स्वयंपाकघरातून काळा लोट बाहेर आला आणि सगळ्या इमारतीचा फायर अलार्म कोकलायला लागला. लिफ्ट बंद. निनादने मला जिन्यावरून जवळजवळ उचलून खाली आणलं. इफ्तारच्या तोंडावर चारही मजल्यांवरची माणसं फुटपाथवर उभी. बायकांच्या हातात भज्यांच्या थाळ्या, पोरांच्या हातात सरबताचे जग, आणि सगळ्यांचे डोळे आमच्या खिडकीकडे. समोरच्या इमारतीतले डोळे बाल्कनीत. आगीचा बंबही आला.

वॉचमन ओरडत आला. "किसका फ्लॅट है? कौन जिम्मेदार?"

मी पळी गाऊनमागे लपवली. आता लग्न मोडलंच, असं माझ्या डोक्यात पक्कं झालं.

तेवढ्यात मोहिते पुढे झाले. "हमारी गलती है, भाई. हमारे लिए खाना रुका था."

"तुम्ही गप्प बसा," रूबेन म्हणाला. "माझं घर आहे. गलती मेरी है."

"नाही हो, आम्ही वेळेवर जेवलो असतो तर..."

"माझ्या घरची आग तुम्ही का अंगावर घेता?"

"साब," वॉचमन म्हणाला, "पहले आपस में फैसला करो."

तेव्हाच अजान झाली. हमीदाबीने खजुराचा डबा उघडला आणि आधी आमच्यासमोर धरला. "घ्या. आज सगळ्यांचाच उपवास एकत्र सुटू दे. आणि मरियाबाई, ती पळी पुढे घ्या, सगळ्यांना दिसतेय."

मोहित्यांनी खजूर उचलला, पण खाल्ला नाही. रूबेनने घेईपर्यंत थांबले. मग दोघांनी बरोबरच तोंडात टाकला.

रूबेन चघळत खिडकीकडे बघत होता. "मोहिते, धूर खरा होता ना? प्रत्येक डोळ्याने पाहिला. काही अर्थ लावावा लागला?"

"नाही," मोहिते म्हणाले. "पण आला मात्र चोरासारखा. आपण दोघं तिथेच बसलो होतो."

रूबेनने त्यांच्याकडे पाहिलं. आधी खजुराची बी थुंकली आणि मग हसायला लागला. इतका हसला की बंबावरच्या माणसाने पाण्याची बाटली आणून दिली. त्याच वेळी मार्था ड्यूटीवरून बसमधून उतरली. फुटपाथवर सगळी इमारत, आगीचा बंब, आणि मधोमध नवरा व्याह्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हसतोय. तिला वाटलं, धक्क्याने वेडा झाला.

"मार्था," तो डोळे पुसत म्हणाला, "माझा होकार आहे. अर्थाचं आम्ही नंतर बघू."

रिबू त्या रात्री पोटभर जेवली. हमीदाबीकडची भजी.

लग्न छान झालं. रूबेन आणि मोहिते अजून भेटले की ढगांवर भांडतात, पण आता आधी जेवतात. मला लग्नात एकच काम दिलं होतं: खुर्चीवर बसायचं. दोन माणसं माझ्यावर लक्ष ठेवून होती.

तो आला की यायचाय, ते मला चौथी शिकलेलीला काय कळणार. शास्त्र सांगतं जागे राहा, तर मी जागी असते. फक्त आता प्रार्थनेला बसायच्या आधी रिबू फोन करून विचारते, "आजी, गॅस?"