क्लॅरीचा डावा हात

क्लॅरी हॉबडेननं आणि मी चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या. उजव्या हातात यंत्र, डाव्यानं कातडी ताणायची. निवृत्तीनंतर क्लॅरीला आमच्या रायफल क्लबाच्या संघात यायचं होतं. जागा एकच होती, आणि दहापैकी आठ गोळ्या मधल्या काळ्या गोलात हव्या होत्या. त्याच्या पाचच बसत, बाकीच्या डावीकडे जात. का, ते मला कळेना.

क्लॅरी चटईवर पालथा पडून नेम धरत होता. कप्तान नोला पास्को त्याच्याशेजारी बसली. "बंदूक पळून चाललीय का रे? डावा हात केवढा आवळलायस!"

"मेंढी सैल धरली तर लाथ बसते, नोला."

"हिला लोकर नाही. तळव्यावर नुसती टेकव, बोटं उघड. वजन दंडाला बांधलेल्या पट्ट्यावर जाऊ दे."

"पडली तर?"

"बंदूक मी झेलीन. तुझं तू बघ."

त्यानं एकेक बोट सोडलं. मी वाकून पाहिलं. पट्टा दंडावर ताणला गेला, बंदूक जागची हलली नाही.

दहा गोळ्या झाल्या. नऊ काळ्यात होत्या. संघाच्या यादीत त्याचं नाव लिहून नोला म्हणाली,

"चला, आज तुझा डावा हातही निवृत्त झाला."