नकाशात न काढलेली पाळ

बाई पहिल्यांदा माझ्या घरी आल्या तेव्हा मी अंगणात तूर निवडत बसलो होतो. निवृत्त होऊन चार महिने झाले होते आणि रिकामा बसलेला माणूस बघवत नाही म्हणून बायकोनं सूप हातात दिलं होतं. फाटकाबाहेर साठीतली एक बाई उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, पायात रबरी चप्पल.

"मोजणीदार भाऊ इथीच राह्यते ना जी?"

मी होय म्हटलं. त्या आत आल्या, पायरीवर बसल्या आणि पाणी प्यायच्या आधीच कामाचं बोलायला लागल्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांनी सगळी नोकरी केली होती. आमच्या शहराच्या खालच्या वस्तीतली अर्धी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. निवृत्तीनंतर त्यांनी वस्तीतल्या आणि आसपासच्या लोकांची नागरिक समिती काढली होती. दर रविवारी दुपारी विहाराच्या ओसरीवर बैठक असायची.

"आमच्यात शिकलेले लय आहेत," त्या म्हणाल्या, "पण जमिनीचा कागद वाचता येणारा एकबी नाई. तुमी या."

मी गेलो, कारण घरी बसून कंटाळलो होतो. एवढंच खरं कारण. पण पहिल्या वर्षात मला त्या समितीचं वेड लागलं. शाळेसमोर गतिरोधक व्हावा म्हणून आम्ही अकरा अर्ज केले. कोळशाचे ट्रक तिथून सुसाट जायचे. गतिरोधक झाला त्या दिवशी ऑटोवाल्या भाऊनं आपला ऑटो त्यावरून मुद्दाम चारदा नेला आणि प्रत्येक वेळी हॉर्न वाजवला. हे भाऊ बाईंचे शेजारी. बोलायला तिखट, पण बोलावलं की पाचव्या मिनिटाला हजर. मग रस्त्यावरचे दिवे लागले. नाली कुठून किती खोल पाहिजे हे मी स्वतः टेप धरून मोजून दिलं. तीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या, भावाभावांची भांडणं बघितली. पण माझी टेप कुणाच्या भल्यासाठी जमिनीवर पडते आहे असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

आमचं शहर भराभर वाढत होतं. मी राहतो तो वरचा भाग पूर्वी सगळा धानाच्या बांध्यांचा, म्हणजे भातखाचरांचा होता. आता तिथं लेआउट पडलेत. नागभीडकडचे, गडचांदूरकडचे, आलापल्लीला जंगल खात्यात नोकरी करून आलेले, सगळ्यांनी घरं बांधली. आम्हा वरच्यांच्या आणि खालच्या वस्तीच्या मध्ये एक बोडी होती. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला केलेलं लहान तळं. शेती गेली तरी तिचं एक काम राहिलं होतं. वरच्या सगळ्या छपरांचं, सिमेंटच्या रस्त्यांचं पाणी पावसात उतरून तिच्यात थांबायचं आणि सांडव्यावरून हळूहळू नाल्याला लागायचं. ती नसती तर ते पाणी सरळ वस्तीत गेलं असतं.

एका रविवारी ऑटोवाले भाऊ बैठकीला उशिरा आले आणि उभ्यानंच म्हणाले, "बाई, बोडीत मुरूम टाकून राह्यले."

आम्ही सगळे उठून गेलो. दोन टिप्पर उलटे लागले होते. एका बाजूनं पाण्यात लाल जीभ सरकावी तसा मुरूम पुढं आला होता. काठावर प्लॉटविक्रीचा फलक होता, त्यावर कारंज्याचं चित्र. वस्तीतल्या दोन बाया गुडघाभर पाण्यात उभ्या राहून टिप्परवाल्याला शिव्या देत होत्या. तो बिचारा खिडकीतून म्हणत होता, "मी काय करू? मले सांगतलं तिथी टाकतो."

बाईंनी वळून माझ्याकडं बघितलं. "भाऊ, जुने कागद काढा. इथी बोडी होती एवढं दाखवलं का झालं."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी मान डोलावली.

मला कुठलाही कागद शोधायची गरज नव्हती. त्या जमिनीची शेवटची मोजणी मीच केली होती.

तेव्हा मी चाळिशीत होतो. जमीन अकृषक करण्यासाठी मोजणीचा अर्ज आला होता. बोडी खाजगी मालकीच्या शेतात होती, तशा आमच्याकडं पुष्कळ असतात. मे महिना होता. मला मुद्दाम मेमध्येच पाठवलंय हे तेव्हाच कळलं होतं. तळ कोरडा, भेगाळलेला. पण तीन बाजूंनी पुरुषभर उंच मातीची पाळ होती, तिच्यावर मोहाची दोन झाडं होती, दगडी सांडवा होता. आंधळ्यालाही कळलं असतं. माझ्या साहेबांनी आदल्या दिवशी मला बोलावून सांगितलं होतं, "जागेवर पाणी दिसलं नाही तर पाणी नाही असंच लिहायचं. उगीच जास्तीचं काही काढू नका." मग टेबलावरचे कागद सारखे करत म्हणाले, "सिरोंचाला एक जागा रिकामी आहे. कुणाला पाठवावं विचार करतोय."

सिरोंचा म्हणजे जंगलापलीकडचं टोक, आणि माझी मुलगी त्या वर्षी दहावीला जाणार होती. मी 'पडीत, पाणीसाठा नाही' असं लिहिलं. नकाशात हद्दीच्या रेषा काढल्या आणि पाळ काढली नाही. खाली सही केली. कुणी मला काही दिलं नाही, मी काही मागितलं नाही. माझी बदली झाली नाही, इतकंच.

हे मी समितीला सांगितलं नाही. पहिल्या रविवारी म्हणालो, रेकॉर्ड रूमचा कारकून रजेवर आहे. दुसऱ्या रविवारी म्हणालो, नक्कल मिळायला वेळ लागतो. तिसऱ्या रविवारी गेलोच नाही, ताप आल्याचं कळवलं. बाईंनी ऑटोवाल्या भाऊजवळ माझ्यासाठी गोळ्या पाठवल्या. त्या मी घेतल्या आणि खिडकीत ठेवल्या. बायकोनं विचारलं, "ताप कुठी आहे तुमाले?" मी पांघरूण डोक्यावरून ओढलं.

आषाढ तसाच गेला. बोडी निम्मी बुजली. बाई माझी वाट न बघता कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होत्या आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना एकच विचारत होते, कागद आहे का?

श्रावणात दोन दिवस सलग पाऊस लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑटोवाल्या भाऊचा फोन आला. "भाऊ, दोर आहे का घरी? घेऊन या. लवकर या."

मी दोर घेऊन उतारावरून धावत गेलो. माझ्या पायांबरोबर आमच्या लेआउटचं सगळं पाणी धावत होतं. नव्या मुरमाच्या भरावाला धडकून ते वळत होतं आणि दोन गल्ल्यांमधून वस्तीत शिरत होतं. खाली कमरेइतकं पाणी होतं. सिलेंडर तरंगत होते, एक कोंबडी पत्र्यावर बसून ओरडत होती. लोक एकमेकांना हाका मारत होते.

बाई दुसऱ्या गल्लीत होत्या. तिथं एक आठ दिवसांची बाळंतीण अडकली होती, तिला आणि बाळाला त्या बाहेर काढत होत्या. त्यांच्या स्वतःच्या घरात त्यांचे पती होते. दोन वर्षांपूर्वी लकवा मारल्यापासून पतींची उजवी बाजू गेलेली, बोलणंही गेलेलं. बाईंना वाटलं, शेजाऱ्यांनी त्यांना काढलं. शेजाऱ्यांना वाटलं, बाईंनी आधीच नेलं असेल.

ऑटोवाल्या भाऊच्या ते आधी लक्षात आलं. आम्ही दार ढकलून आत गेलो तेव्हा खाट पाण्याखाली गेली होती आणि त्यांनी डाव्या हातानं खिडकीचा गज धरून मान वर काढलेली होती. हनुवटीला पाणी लागत होतं. कधीपासून तसे होते कोण जाणे. हाक मारता येत नव्हती. आम्हाला बघून त्यांच्या तोंडातून एक आवाज आला, तो मला लिहिता येत नाही. गजावरची त्यांची बोटं मी एकेक करून सोडवली. भाऊनं त्यांना पाठुंगळी घेतलं, मी मागून दोर धरला आणि आम्ही बाहेर आलो.

ते वाचले असं सगळे म्हणाले. अकराव्या दिवशी दवाखान्यातच ते वारले. छातीत पाणी झालं होतं. बाई उशाशी बसून होत्या. डॉक्टर यायच्या आधी त्यांनी मला सांगितलं, "आवाज बदलला श्वासाचा. आता नाई राहत." नर्सच्या आवाजात सांगितलं. मग पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळल्या.

त्यांच्या मरणानंतरचा जलदानविधी झाला, त्यानंतरच्या रविवारी बैठक होती. कोणी येईल असं वाटलं नव्हतं, पण पाचजण आले. बाई आल्या. अजेंडा काढायला त्यांनी वही उघडली तेव्हा मी म्हणालो, मला काही सांगायचं आहे. आणि सगळं सांगितलं. मे महिना, साहेब, मोजणी, सही, आणि त्यानंतरचे माझे खोटे रविवार.

ऑटोवाले भाऊ ताडकन उठले. बाईंनी हातानं त्यांना खाली बसवलं.

"पाळ दिसली होती तुमाले?" त्यांनी विचारलं.

"दिसली होती."

"आन् काढली नाई."

"नाही काढली."

"काऊन?"

मी बदलीचं सांगितलं. मुलीच्या दहावीचं सांगितलं. सांगतानाच ते किती लहान कारण आहे हे मला ऐकू येत होतं.

"माझी तीनदा बदली झाली जी," बाई म्हणाल्या. "भामरागडलेबी जाऊन आली मी. पोट्ट्यांले घेऊन." मग त्यांनी वहीतला एक कोरा कागद फाडून माझ्यासमोर ठेवला. "हे सगळं लिहून द्या. सहीसकट."

मी तिथंच लिहिलं. पुढं त्याचं रीतसर प्रतिज्ञापत्र केलं. पेन्शनवर गदा येईल म्हणून बायको रडली. म्हणाली, "इतके वर्षं पोटात ठेवलं, तर आता काऊन काढलं? तो माणूस त्यानं परत येते का?" पण प्रतिज्ञापत्रानं काम होईल असं मला वाटत होतं. मी ते जीव लावून लिहिलं होतं. पाळीची उंची, मोहाची झाडं, सांडव्याची दिशा, सगळं मला अजून पाठ होतं.

भरावाविरुद्ध समितीनं घेतलेल्या हरकतीच्या सुनावणीला अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्यानं बाईंना खुर्ची दिली. आमच्याजवळ जुन्या निस्तार पत्रकाची, म्हणजे गावाच्या सामाईक हक्कांच्या नोंदीची नक्कल होती. तिच्यात बोडी होती. पण तिचा सर्व्हे नंबर जुना होता. तो जुना नंबर म्हणजेच आजची ही जमीन, हे सांगणारा एकच कागद होता, तो म्हणजे माझी मोजणी. आणि त्यात बोडी नव्हती.

प्लॉटवाल्याच्या वकिलानं मला एकच प्रश्न विचारला. "काका, तुम्ही तेव्हा खोटं लिहिलं की आता खोटं सांगता?"

"तेव्हा," मी म्हणालो.

"म्हणजे सरकारी कागदावर तुम्ही खोटी सही करता. मग आजच्या सहीवर आम्ही का विश्वास ठेवावा?"

अधिकाऱ्यानं खाली मान घालून लिहून घेतलं. नंतर मला म्हणाला, "तुमच्याच सहीचा नकाशा माझ्यापुढं आहे काका. तुमच्या बोलण्यावर तो कसा बाजूला सारू?" त्याच्या आवाजात चीड नव्हती. असती तर बरं झालं असतं.

हरकत फेटाळली गेली. सगळे पायऱ्या उतरून बाहेर आले. ऑटोवाल्या भाऊनं ऑटो सुरू केला, बाई बसल्या. मला बस म्हणून कुणी म्हटलं नाही. मी चालत घरी आलो.

ते सगळं होऊन दोन पावसाळे गेले. वर अपील आहे, त्याला तारखा पडतात. बोडीच्या जागी आता सोळा घरं आहेत आणि त्यांत राहणारी माणसंही वाईट नाहीत. एका घरातला माणूस मला रोज नमस्कार करतो. भिंतीच्या कडेनं एक नाली करून दिली आहे. ती किती पाणी नेईल हे मी मोजून बघितलं आणि ती पुरणार नाही असं समितीला सांगितलं. वस्तीतली बरीच कुटुंबं पडेल त्या भावात घरं विकून निघून गेली. ज्यांना जाता येत नाही ती राहिली आहेत. समितीत आता आम्ही तिघंच. बाई माझ्याशी कामापुरतं बोलतात. मला त्यांनी काढून टाकलं नाही, कारण अर्ज लिहायला दुसरं कुणी नाही. माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही.

या वर्षी ज्येष्ठात बाईंनी सांगितलं, आता अर्ज नको, यादी करू. पाणी आलं तर ज्यांना स्वतःच्या पायानं निघता येणार नाही अशांची यादी. आम्ही तिघं घरोघरी फिरलो. मी लिहीत होतो, बाई तपासत होत्या. कोणाला मधुमेहानं पाय गेला, कोणाला दिवस भरत आले, कोणाला दिसत नाही. प्रत्येक नावापुढं मी लिहिलं, खाट कुठल्या खोलीत आहे आणि दार कुठल्या बाजूला उघडतं.

शेवटच्या घरात एक म्हातारी एकटी राहते. तिनं बाईंचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती झाले नावं?"

"तेवीस," मी म्हणालो.

"आन् ऑटो किती?"

"एक," ऑटोवाले भाऊ म्हणाले.

बाई खाली वाकून तिच्या खाटेखालची पेटी ओढायला लागल्या, कागदपत्रं उंचावर ठेवायला. त्यांच्या एकटीच्यानं ती हलेना. मी वही जमिनीवर ठेवली आणि दुसऱ्या बाजूनं हात लावला.