आईंनी पसंत केलेली गल्ली

परवा तुमचे बाबा फोनवर म्हणाले की त्यांची नोकरी आता दुसऱ्या शहरात जाणार आणि तुम्ही सगळे मिळून तिथल्या वस्त्यांचे नकाशे बघत बसता. शाळा किती लांब, बाग किती लांब, लोकांनी कुठल्या भागाला किती तारे दिलेत. तेवढ्यात मागून धाकट्या आवाजाने विचारलं, "आजी, तू भाईंदर का निवडलंस?" मी घाईत 'नोकरीसाठी' म्हणाले आणि फोन ठेवला. ते अर्धंच उत्तर झालं. भाईंदर नोकरीने निवडलं. भाईंदरमधली आमची गल्ली मात्र तुमच्या पणजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी निवडली, तीही माझ्या मताविरुद्ध. उरलेलं अर्धं आता लिहिते.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. मी चिपळूणला बँकेत होते. तुमचे आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तुमचे बाबा पुण्याला हॉस्टेलवर. घरात सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणायची, आणि मी. त्या पंचाहत्तरीच्या, जाड चष्म्याच्या, पण पायांनी भक्कम. संध्याकाळी मी घरी आले की चहा पुढे ठेवून त्या विचारायच्या, "काय गो, आज कोण भांडला?" आणि मी कॅश काउंटरपासून सगळं सांगायची. बढती आली, भाईंदरला नव्या शाखेची मॅनेजर म्हणून जायचं होतं, तेव्हा आई बरोबर येणार हे आम्ही दोघींनी न बोलताच धरून चाललो होतो.

नाशिकचे भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, तसं धरून चालले नव्हते. भाऊजी वाईट नव्हते. त्यांचा बंगला मोठा, मन त्याहून मोठं, फक्त त्या मनात दुसऱ्याचं म्हणणं शिरायला जरा वेळ लागायचा. ते चिपळूणला आले आणि मला म्हणाले, "तू जा. तुझं काम आहे. पण आईला तिथे कुठे नेतेस? तू सकाळी जाणार, दिवे लागल्यावर येणार. ती दिवसभर भिंतींशी बोलणार का?"

"मला विचारलंस?" आई आतून म्हणाल्या.

"आई, तुला काय विचारायचं त्यात? माझं घर तुझंच आहे."

"माझं आहे ना? मग मला वाटेल तेव्हा येईन."

शेवटी भाऊजींनी अट घातली. दिवाळीच्या आधी ते भाईंदरला येऊन बघणार, आणि आई घरात एकटी बसलेली दिसली तर काही ऐकून न घेता गाडीत घालून नेणार.

"गाडीत घालायला मी काय तांदळाची गोण आहे?" आई म्हणाल्या. पण त्या रात्री जेवल्या कमी. मीही. मुलगा हयात नसताना सुनेकडे राहणं आईंच्या पिढीत कुणाला सहज पटत नसे, आणि भाऊजी हट्टालाच पेटले असते तर चार नातेवाईक त्यांच्याच बाजूने बोलले असते. आमच्या दोघींचं एकत्र राहणं आता एका घरावर अवलंबून होतं आणि ते घर अजून शोधायचं होतं.

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मी कागदावर रकाने आखले. पाणी, लिफ्ट, दवाखाना, बँकेपासून अंतर, आवाज. एजंट म्हणून एक तरतरीत तरुण मिळाला, एका कानाला सतत मोबाइल. आईंना बँकेने दिलेल्या तात्पुरत्या खोलीवर बसवून मी एकटीने घरं बघणार होते. आई चपला घालून माझ्याआधी दारात उभ्या.

पहिली जागा काशीमीराजवळ. नवी इमारत, फाटकाशी गणवेशातला रखवालदार, लिफ्टमध्ये आरसा, सहाव्या मजल्यावर चकचकीत फरशी. माझ्या कागदावर जवळजवळ सगळे रकाने भरले. खाली हायवे होता, त्यावर ट्रकची रांग, पण काच ओढली की आवाज बंद. मी एजंटला होकार देण्याच्या बेतात होते. वळून बघते तर आई शेजारच्या दाराची बेल वाजवत होत्या.

"आई, काय करताय?"

"तहान लागली."

"माझ्याकडे बाटली आहे."

"बाटलीतलं नको."

दार साखळीपुरतं उघडलं. आतून आवाज आला, "कौन?"

"जरा पाणी देता क्या?" आई म्हणाल्या. हिंदीशी त्यांची तेवढीच ओळख होती.

"नीचे वॉचमन को बोलो." दार लागलं.

मला इतकी लाज वाटली की लिफ्टच्या आरशात मी स्वतःकडे बघितलं नाही. परक्याच्या दारात उभं राहून पाणी मागायचं! आई मात्र शांत होत्या. खाली आल्यावर त्यांनी हायवेकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "हा रस्ता ओलांडायला मला पुढचा जन्म घ्यावा लागेल." तेवढ्यात वीज गेली. आम्ही लिफ्टमधून बाहेर पडून एखादंच मिनिट झालं असेल.

दुसरी जागा मीरा रोडला, नीटनेटक्या सोसायटीत. आत बाग, बाकं, सगळं माझ्या मनासारखं. घर दाखवायच्या आधी कमिटीचे एक गृहस्थ आम्हाला ऑफिसात घेऊन बसले. किती माणसं, काय करता, पाहुणे किती येतात. मग हळूच, "नॉनव्हेज?"

मी वाक्य जुळवत होते. आईंनी थेट सांगितलं, "मासे खातो. तुम्ही काय खाता?"

गृहस्थ गडबडले. "हम तो... प्योर व्हेज, माताजी."

"बरं. पाणी मिळेल?"

त्यांनी पाणी दिलं, कागदी पेल्यात, आणि एजंटला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. बाहेर आल्यावर एजंट म्हणाला, "मॅडम, माताजींना पुढच्या वेळी खोलीवरच ठेवा ना. मी जमवतोय आणि त्या मोडतायत."

"काय म्हणतो हा?" आईंनी विचारलं.

"म्हणतो, तुम्ही फार हुशार आहात."

"ते मला दिसतंय त्याच्या तोंडावर."

तिसरी जागा दाखवायचीच नाही असं एजंटच्या मनात होतं. भाईंदर पूर्वेला केबिन रोडच्या आतल्या गल्लीत चार मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, तळमजल्यावरचं घर रिकामं. समोर पिठाची गिरणी, पलीकडे स्टीलची भांडी घासून चकाकवण्याचा गाळा, त्याची घरघर दिवसभर. पाणी एक दिवसाआड. स्वयंपाकघराला खिडकी होती, पण ती समोरच्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. माझे रकाने एकामागून एक रिकामे राहत गेले. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. आई त्या समोरच्या बिऱ्हाडाच्या दाराशी पोचल्या होत्या.

दार उघडंच होतं. साधारण माझ्याच वयाच्या गुजराती बाई लसूण सोलत होत्या. आईंचं 'जरा पाणी' पूर्ण व्हायच्या आत त्या उठल्या. "आओ ने बा, बैठो. खड़े खड़े पानी नहीं पीते." स्टीलच्या तांब्यात पाणी आलं, मागोमाग ताक आलं. बाईंचे यजमान त्याच भांड्यांच्या गाळ्याचे मालक होते. आई बसल्या, आणि ताक संपायच्या आत त्यांच्या हातात लसणाच्या पाकळ्या होत्या. बोलणं काय चाललं होतं मला अजून कळलेलं नाही. एक कोकणी वळणाची मराठी बोलत होती, दुसरी गुजराती वळणाची हिंदी. दोघी हसत होत्या.

मी मीरा रोडचा धडा गिरवला होता. म्हणून आधीच सांगितलं, "बेन, हम लोग मच्छी खाते हैं."

त्यांनी विचार केला. "कौन से दिन?"

"बुधवार, रविवार. कभी शुक्रवार."

"तो दिन बोल देना. मैं मेरी रसोई की खिड़की बंद रखूंगी. बाकी दिन खुली." आणि मग आईंकडे वळून, "बा, शुक्रवार को जरा कम करना हां."

आम्ही बाहेर आलो. मी आईंना सांगितलं की आवाज आहे, पाण्याची बोंब आहे, घर अंधारं आहे. आई म्हणाल्या, "तू बँकेत जाशील. घरात मी असणार. मला घर घेऊन काय करायचं? मला माणसं हवीत." मी सही केली.

पहिले काही आठवडे मला वाटत राहिलं की आपण चुकलो. घरघर डोक्यात बसायची. पाण्याच्या दिवशी पहाटे उठून पिंप भरायचं, मग तयार होऊन बँकेत जायचं. पण संध्याकाळी चहा पुढे यायचा आणि आता सांगण्याची पाळी माझी नसायची. गिरणीवाल्याच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय, दुसऱ्या मजल्यावरच्या मराठवाड्याकडच्या बाई ज्वारीची भाकरी कशी थापतात, केबिन रोडवर कोथिंबीर कुठल्या टोकाला ताजी, सगळं आईंना ठाऊक. "काय गो, आज कोण भांडला?" हे आता मी त्यांना विचारायची.

दिवाळीला थोडे दिवस उरले होते. मी शाखेत होते. मोबाइल वाजला.

"आई कुठे आहे?" भाऊजींचा आवाज चढलेला. "मी दारात उभा आहे. कुलूप आहे!"

आई कधी कुलूप लावून गेल्या नव्हत्या. "समोरच्या बेनना विचारा."

"तिथेही कुलूप आहे. हे असलं घर शोधलंस तू? म्हातारं माणूस बेपत्ता आणि कुणाला पत्ता नाही."

मी काम तसंच टाकून रिक्षा पकडली. वाटेत केबिन रोडच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा उतरून चालत सुटले. मनात एकच. आईंना काही झालं असेल तर दोष गल्लीचा नाही, माझा. आणि काही झालं नसेल तरी भाऊजी आता ऐकणार नाहीत.

भाऊजी दारासमोर उभे होते, हातात गाडीची किल्ली. तासभर तरी उभे असावेत. मी पोचताच गिरणीवाला पिठाचे हात झाडत बाहेर आला. "अहो मॅडम, चावी माझ्याकडे आहे ना! आजी ठेवून गेल्यात. बेनबरोबर पश्चिमेकडून डोंगरी गावाच्या बसने गेल्यात, येतीलच आता. हे साहेब केव्हाचे उभे आहेत, पण काही विचारलंच नाही त्यांनी. मला वाटलं, वसुलीवाले असतील."

भाऊजींनी त्याच्याकडून चावी घेऊन कुलूप उघडलं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही.

आम्ही आत बसलो. थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी आईंचा आवाज ऐकू आला. पुढे आई, खांद्याला कापडी पिशवी. मागे बेन, नाकाला पदर. गल्लीत मासे विकायला येणाऱ्या बाईंनी आईंना बोलावलं होतं, "आमच्याकडं ये, सुकं चांगलं हाय." म्हणून स्टेशनचा पूल ओलांडून, पश्चिमेला बस पकडून, डोंगरीच्या पुढे समुद्रापर्यंत दोघी जाऊन आल्या होत्या. बेन कितीतरी वर्षं भाईंदरला राहत होत्या, पण समुद्र त्यांनी आज पहिल्यांदा बघितला.

"बा ने तो मेरा धर्म भ्रष्ट किया," बेन हसत हसत पायरीवर बसल्या. "चारों तरफ बांबू पे मच्छी! पर दरिया... दरिया बहुत सरस."

आईंनी भाऊजींना बघितलं. "आलास? चहा घेतलास का?"

"आई, तू एकटी बसने गेलीस?"

"एकटी कुठे? ही होती ना." आणि पिशवी उघडून, "बोंबील ताजे न्हाय म्हणाली ती. सुकट आणली. घरी घेऊन जा थोडी."

भाऊजींनी आईंकडे बघितलं. चष्म्यावर खारा पाऊस पडल्यासारखे ठिपके, पदराला वाळू, चेहरा उन्हाने लाल. त्यांनी आईंना असं याआधी केव्हा बघितलं होतं कोण जाणे. त्यांनी हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली.

"तू येणार नाहीस," ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

"उन्हाळ्यात येईन ना. आंबे असतील तेव्हा. परत सोडायला मात्र तू यायचंस."

"येईन," भाऊजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बरोबर जागा बघितलीस तू."

मी म्हणाले, "मी नाही, भाऊजी."

ते जेवायला थांबले. शुक्रवार होता आणि मी सुकट केली, थोडीच. भाऊजी निघाले तेव्हा गिरणीवाल्याने गाडी मागे घ्यायला हात दाखवले, वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीतून "सावकाश जावा हां" म्हणाल्या, आणि गल्लीतून गाडी बाहेर पडेपर्यंत इतक्या लोकांनी त्यांना निरोप दिला की ते काच खाली करून सगळ्यांना हात करत गेले. त्यांच्या शेजारचं आसन रिकामं होतं. आई फाटकाशी उभ्या राहून बघत होत्या. गाडी केबिन रोडला वळली तशा त्या माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "चल गो, घरी."